गोऱ्या पैलवानाला धंदा, बाकीच्यांना देश

कृष्णाकाठ

गेल्या महिन्यात सांगलीला आईकडे माळा आवरताना ट्रंप कार्डांचा जुना गठ्ठा सापडला. डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते, म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई, ती अमेरिकेतली नाटकी कुस्तीची कंपनी. रबर बँड वितळून वरच्या पत्त्याला चिकटलेला, कोपरे मऊ पडलेले. नव्वदीत शाळेत गेलेल्यांना वेगळं सांगायला नको: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती, किती जिंकल्या. 'वजन' म्हणत योकोझुनाचा पत्ता आपटला की समोरच्याचा पत्ता गेलाच.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. शेजारी बसून एकेक पत्ता उचलून विचारत होता, "बाबा, हा कोण?" मी सांगत गेलो. हा जपानचा. हा आफ्रिकेतला, जंगलात राहणारा. हा जादूटोणा करणारा. मग त्याने बिग बॉस मॅनचा पत्ता पुढे केला. म्हटलं, हा तुरुंगातला शिपाई. तो म्हणाला, "बाकीच्यांचं गाव सांगितलंत, याचं काम का सांगितलं?"

त्या रात्री आठवून आठवून यादी केली. आयझॅक यँकेम दातांचा डॉक्टर. ड्यूक ड्रोसी कचऱ्याची गाडी चालवणारा. हेन्री गॉडविन डुकरं पाळणारा. आयआरएस टॅक्सवाला, टाय लावून लढायचा. सगळे गोरे. सोंग त्यांनाही दिलेलं होतं आणि तेही भडकच होतं, पण ते धंद्याचं सोंग. गोरा नसलेल्याच्या वाट्याला बहुतेक वेळा देश यायचा, नाहीतर वंश. आणि तो देशही त्याचा स्वतःचा असेलच असं नाही.

योकोझुना जपानचा नव्हताच. रॉडनी अनोआई त्याचं नाव, जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, घराणं सामोअन. त्याचा मॅनेजर मिस्टर फूजी म्हणजे हॅरी फुजिवारा, हवाईचा. सुमोमध्ये लढतीआधी मीठ टाकतात ते जागा शुद्ध करायला. आपल्याकडे पैलवान आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतो, त्यातलाच तो भाव. १९९३ च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या मोठ्या सोहळ्यात, फूजीने तेच मीठ तेव्हाचा चॅम्पियन ब्रेट हार्ट याच्या डोळ्यांत फेकलं आणि योकोझुना चॅम्पियन झाला. एका समाजाच्या श्रद्धेची वस्तू घेतली आणि तिचं लबाडीचं हत्यार केलं. मला हे लहानपणी दिसलं नाही. मला फक्त चिडीचा डाव दिसला, आणि 'जपानी लबाड' एवढं डोक्यात बसलं.

त्याच वर्षी ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्कमध्ये इंट्रेपिड या जुन्या युद्धनौकेवर 'योकोझुनाला उचलून आपटून दाखवा' असं आव्हान ठेवलं होतं. लेक्स लुगर हा अमेरिकन पैलवान हेलिकॉप्टरमधून उतरला आणि त्याने आपटला. 'जपानी' कोण, तर सॅन फ्रान्सिस्कोचा माणूस!

कमालाचा पत्ता तर आता हातात धरवत नाही. पोटावर चांदण्या रंगवलेल्या, अनवाणी, हातात भाला. 'युगांडाचा राक्षस'. खरं नाव जेम्स हॅरिस, मिसिसिपी राज्यातला कृष्णवर्णीय माणूस. १९८२ मध्ये मेम्फिसच्या प्रमोटर मंडळींनी त्याला हे सोंग दिलं. बोलायचं नाही, फक्त ओरडायचं. त्याला सांभाळायला सफारीचे कपडे घातलेला, तोंड झाकलेला एक माणूस असायचा. त्याचं नाव किमची! आफ्रिकेतल्या माणसाचा रखवालदार आणि नाव कोरियातल्या लोणच्याचं. नाव ठेवणाऱ्याला आफ्रिका काय नि कोरिया काय, सारखंच. पुढे मधुमेहाने हॅरिसचे दोन्ही पाय गेले, २०२० च्या ऑगस्टमध्ये तो वारला. बातमी वाचली तेव्हा त्याचं खरं नाव मला पहिल्यांदा कळलं.

तुम्ही लहानपणी या लोकांना बघून काय शिकलात? आणि खलीच्या वेळी तुम्हाला काय वाटलं? खरंखुरं लिहा, म्हणून धागा काढलाय.

रात्रपाळी

पत्त्यांची आठवण काढलीत, धन्यवाद. पण तुमचं म्हणणं पूर्ण पटत नाही. हे पहिल्यापासून नाटक आहे. नाटकात खलनायक लागतो, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो लांबून ओळखू यावा लागतो. बारकावे दाखवायला तिथे वेळ कुठे असतो?

शिवाय तुमचा 'गोऱ्याला धंदा' हा नियम निकोलाय वोल्कॉफला लागू पडत नाही. तो गोरा होता, तरी त्याला रशिया मिळाला. लढतीआधी सोव्हिएत राष्ट्रगीत म्हणायचा, लोक हातात येईल ते फेकायचे. मग तोही अन्यायच ना?

लाल माती

मी कोल्हापूरचा. आमच्या घरात तीन पिढ्या तालमीत गेल्या, त्यामुळे लहानपणी हे बघायला घरात मनाईच होती. आजोबा म्हणायचे, ज्या कुस्तीचा निकाल आधी ठरलाय ती बघून डोळे खराब करू नका. मित्राकडे जाऊन बघायचो.

मला आयर्न शेखबद्दल लिहायचंय. टक्कल, झुपकेदार मिशा, टोकाला वर वळलेले बूट, इराणचा झेंडा. तो रिंगमध्ये दोन जाडजूड लाकडी मुद्गल घेऊन यायचा, खांद्यामागून फिरवून दाखवायचा आणि समोरच्याला म्हणायचा, तू फिरवून दाखव. अमेरिकन प्रेक्षक हुर्यो उडवायचे. त्यांना ते काहीतरी रानटी हत्यार वाटायचं.

मी पहिल्यांदा ती चित्रफीत बघितली तेव्हा खुर्चीतून उठलो. ते आमचे मुद्गलच! आमच्या तालमीच्या भिंतीला असेच टेकवून ठेवलेले असायचे. इराणात ज्या व्यायामशाळेत ते फिरवतात तिला 'जोरखाना' म्हणतात. आपण जोर काढतो, जोरबैठका मारतो, तोच तो 'जोर'. 'पैलवान' हा शब्दही फारसीतूनच आपल्याकडे आला. म्हणजे त्या रिंगमध्ये ज्या वस्तूची टिंगल चालली होती ती आमच्या वस्तादांच्या खांद्यावरची होती.

आणि हा माणूस खरा पैलवान होता. हुसेन खुस्रो अली वझीरी. इराणातून अमेरिकेत आला, १९७१ मध्ये तिथली हौशी ग्रीको-रोमन कुस्तीची स्पर्धा जिंकला, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघाचा सहायक प्रशिक्षक होता. ज्यांच्या मुलांना त्याने डाव शिकवले त्यांच्याच पुढे उभं राहून त्याला देशाचा शत्रू व्हावं लागलं. तेहरानमध्ये अमेरिकन लोकांना ४४४ दिवस ओलीस धरलं होतं, ते प्रकरण संपून तीनच वर्षं झाली होती. २६ डिसेंबर १९८३ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने तेव्हाच्या चॅम्पियनला, बॉब बॅकलंडला, उंटपकडीत धरलं, बॅकलंडच्या मॅनेजरने टॉवेल टाकला, आणि पट्टा इराण्याकडे गेला. महिनाभरात, २३ जानेवारीला, हल्क होगनने तो परत घेतला. होगनची कीर्ती तिथून खरी वाढली.

मुद्गल फिरवायला खांदा, मनगट आणि श्वास यांचा मेळ बसावा लागतो. आमच्याकडे पोरांना ते यायला वर्ष लागायचं. ते हसण्यावारी नेलेलं बघून पोटात तुटतं.

कृष्णाकाठ

लाल माती, 'जोरखाना' मला माहीत नव्हतं. प्रतिसाद दोनदा वाचला.

रात्रपाळी, वोल्कॉफचा मुद्दा बरोबर आहे, माझा नियम तेवढा सैल करतो. पण वोल्कॉफचं पुढे काय झालं तेही बघा. त्याचं नाव योसिप पेरुझोविच, क्रोएशियाचा, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातून निघून आलेला. शीतयुद्ध ओसरलं तसं १९९० मध्ये कंपनीने त्याला सरळ अमेरिकाप्रेमी करून टाकलं. जिम डुगन या अमेरिकन पैलवानाच्या जोडीला उभा राहून तो अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणायला लागला, आणि लोकांनी त्याला आपला मानलं. अंगरखा काढला, विषय संपला.

त्याचा जोडीदार आयर्न शेख. १९८५ मध्ये पहिल्या रेसलमेनियात या दोघांनी मिळून जोडीचे पट्टे जिंकले होते. १९९१ मध्ये आखाती युद्ध आलं तेव्हा शेखला परत आणला तो कर्नल मुस्तफा म्हणून, इराकचा माणूस बनवून! इराण आणि इराक १९८० पासून १९८८ पर्यंत एकमेकांशी लढत होते, लाखो माणसं मेली होती. वझीरी इराणी. त्याला त्याच्या मायदेशाच्या वैऱ्याचा गणवेश घालायला दिला आणि प्रेक्षकांना काही फरक पडला नाही, कारण प्रेक्षकांच्या लेखी ते सगळे एकच.

वोल्कॉफ सोंगातून बाहेर पडू शकला. शेखचा फक्त झेंडा बदलला. माझं म्हणणं एवढंच आहे.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहते. कुस्ती मी बघत नाही, दीर बघायचा. २००५ मध्ये तो एमएस करत होता आणि सुट्टीत आमच्याकडे होता, त्यामुळे मुहम्मद हसन मला चांगला आठवतो.

या पात्राची सुरुवात फार विचित्र होती. तो रिंगमध्ये उभा राहून म्हणायचा की मी अमेरिकेत वाढलो, मी अमेरिकन आहे, पण ११ सप्टेंबरनंतर तुम्ही माझ्याकडे संशयाने बघता. यातला शब्दन् शब्द खरा होता! माझ्या नवऱ्याला त्याच काळात एका विमानतळावर दीड तास बाजूला बसवून ठेवलं होतं. दाढी आणि सावळा रंग, बाकी कारण नाही. मी पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन काचेपलीकडे उभी होते. घरी आल्यावर तो जेवला नाही आणि दुसऱ्या दिवशी दाढी काढून टाकली. आणि इकडे टीव्हीवर आमचीच गोष्ट सांगणारा माणूस खलनायक, हजारो लोक त्याच्या अंगावर 'यूएसए, यूएसए' ओरडतायत. दीर हसायचा, म्हणायचा वहिनी तो हील आहे, म्हणजे खलनायक, त्याला ओरडायचंच असतं. मला हसू येत नव्हतं.

तो माणूस अरब नव्हताच. मार्क कोपानी, इटालियन वंशाचा. त्याच्यासोबतचा दैवारी मिनेसोटाचा, इराणी वंशाचा. म्हणून 'अरब' मंडळी टीव्हीवर बोलायची ती फारसी.

मग ४ जुलैला एक प्रसंग चित्रित केला. हसनने गुडघे टेकून हात वर केले आणि तोंडं झाकलेल्या माणसांनी येऊन अंडरटेकर नावाच्या पैलवानाचा तारेने गळा आवळला. ते प्रसारित झालं ७ जुलै २००५ ला. त्याच सकाळी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. गदारोळ उठला, वाहिनीला तो माणूस पडद्यावर नको झाला, आणि २४ जुलैला अंडरटेकरकडून हरवून ते पात्र संपवलं. कोपानी पुढे कुस्ती सोडून शिक्षणक्षेत्रात गेला.

सुरुवातीला जो खरं बोलत होता त्याला सहा-सात महिन्यांत दहशतवादी करून ठेवलं. म्हणजे बघणाऱ्यांचा संशय बरोबरच होता, असं गोष्टीने सांगितलं. याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

शेवटचा बाक

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा लहान. आमच्या पिढीला खली मिळाला.

कृष्णाकाठ, तुम्ही खरं लिहा म्हणालात, तर खरं लिहितो. २००७ च्या जुलैमध्ये खली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा आमच्या गावात, बार्शीजवळ, शाळेत दुसरा विषय नव्हता. पोरं वर्गात येताना खलीसारखी पाय ओढत चालायची. दोन्ही हातांनी डोकं दाबायचा त्याचा डाव मधल्या सुट्टीत चालायचा. हिमाचलचा दलीप सिंग राणा, आधी पंजाब पोलिसात होता, आणि तो अंडरटेकरला हरवतो! तो अभिमान खरा होता. त्याला आज कुणी खोटं म्हटलं तर मला लागेल.

पण मोठा झाल्यावर पुन्हा बघितलं. त्याला बोलूच देत नव्हते. आणि एडिसनकर, तुमचा दैवारी! हसन गेल्यावर २००६ मध्ये तोच खलीला घेऊन आला आणि खलीच्या वतीने बोलायचा. इराणी वंशाचा माणूस हिमाचलच्या माणसाचं तोंड झाला. मग 'पंजाबी प्रिझन' नावाची लढत काढली, बांबूचे दोन पिंजरे, एकात एक. असलं काही पंजाबात कुणी बघितलेलं नाही. पहिल्याच वेळी तब्येतीमुळे खली लढू शकला नाही, त्याच्या जागी बिग शो उतरला. म्हणजे अंडरटेकर आणि बिग शो, दोन अमेरिकन 'पंजाबी तुरुंगात' लढले.

पुढे त्याला हसण्यासाठी वापरलं. 'पंजाबी प्लेबॉय' म्हणून नाचवलं, प्रेक्षकांतल्या बायकांची चुंबनं घ्यायला लावली. त्याच्या शरीराची ती वाढ आजाराची होती, २०१२ मध्ये पिट्यूटरी ग्रंथीवरची गाठ काढावी लागली. त्याचे गुडघे दुखायचे म्हणून तो तसा चालायचा. आम्ही ज्या चालण्याची नक्कल करत होतो ते दुखणं होतं.

रात्रपाळी

शेवटचा बाक, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. मीही ती नक्कल केली आहे, तीही ऑफिसात.

मधली आळी

जिंदर महालचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. युवराज सिंग धेसी, जन्म कॅनडातल्या कॅलगरीचा. २१ मे २०१७ ला रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला. 'आजच्या काळातला महाराजा', डोक्याला पगडी, पुढेमागे दोन सिंग बंधू, तेही कॅनडाचेच. खलनायक कशाबद्दल? तर परका म्हणून. त्याच सप्टेंबरमध्ये त्याला शिन्सुके नाकामुरा या जपानी पैलवानाच्या चेहऱ्याची आणि उच्चारांची टिंगल करायला लावली. समोरचे प्रेक्षकच 'हे अती झालं' म्हणून ओरडायला लागले. ज्याला परका ठरवलं त्याच्याच तोंडून दुसऱ्या परक्याला शिव्या.

त्याच्या नात्यातला गामा सिंग. आपल्या गामा पैलवानाचं, गुलाम मुहम्मदचं, नाव घेऊन तो कॅलगरीत खलनायक म्हणून लढायचा. ऐंशीच्या दशकात त्याच्या टोळीचं नाव होतं 'कराची व्हाइस'. भारतातल्या पंजाबात जन्मलेला शीख, आणि टोळी कराचीची! टोळीतला माखन सिंग म्हणजे माइक शॉ नावाचा मिशिगनचा गोरा, व्होखन सिंग म्हणजे गॅरी अल्ब्राइट, तोही गोरा. फाळणीत ज्यांची घरं गेली त्यांना 'कराचीचा सिंग' हे ऐकून काय वाटलं असतं, हा विचार करणारा तिथे कुणीच नव्हता.

एडिसनकर

+१. आणि हे फक्त तिकडचं आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या विनोदी नाटकांतला मद्रासी, गुरखा, भय्या आठवा. प्रत्येकाची एकच बोली, एकच लकब. आम्ही इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात तेच प्रहसन केलं होतं, लुंगी नेसून. समोर माझ्या मुलीची तमिळ मैत्रीण बसली होती. ती मध्येच उठून बाहेर गेली, ते मी स्टेजवरून बघितलं.

लाल माती

आता जरा बदललंय हेही लिहायला हवं. कोफी किंग्स्टन घानात जन्मलेला, त्याला जमैकाचा करून खोटे उच्चार दिले होते. ते पुढे सोडले, आणि २०१९ च्या रेसलमेनियात तो घानाचा म्हणूनच चॅम्पियन झाला. सामी झेन सीरियन वंशाचा, क्वेबेकचा. आधी बरीच वर्षं मुखवटा घालून मेक्सिकन म्हणून लढला. २०२३ मध्ये जेद्दाहच्या रिंगमध्ये तो स्वतःची खरी ओळख घेऊन उभा राहून लोकांशी अरबीत बोलला. ते जरूर बघा.

मला सगळ्यात जास्त पटतं ते अनोआई घराण्याचं. अफा आणि सिका या भावांना 'रानटी सामोअन' म्हणून कच्चे मासे खायला लावायचे. योकोझुना त्यांच्याच घरातला. आणि सिकाचा मुलगा रोमन रेन्स २०२० पासून 'टोळीचा प्रमुख' म्हणून गळ्यात सामोअन लाल माळ घालून यायला लागला, अख्खं स्टेडियम उभं राहायचं. बापाला ज्या गोष्टीसाठी जनावर ठरवलं, ती मुलाने मान म्हणून मिरवली.

कृष्णाकाठ

हा धागा मुलाला वाचून दाखवला. त्याने कंपासपेटीतून पेन काढलं आणि पत्त्यांच्या मागे खरी नावं लिहायला बसला. कमाला: जेम्स हॅरिस, मिसिसिपी. योकोझुना: रॉडनी अनोआई, सॅन फ्रान्सिस्को. पापा शांगोच्या पत्त्यावर थोडा वेळ गेला. चार्ल्स राइट, कॅलिफोर्नियात जन्मलेला कृष्णवर्णीय. त्याला आधी कवटी रंगवून मांत्रिक केला, मग काळ्यांच्या संतप्त टोळीतला, मग बायकांची दलाली करणारा गॉडफादर. एका माणसाला तीन सोंगं, तिन्ही वंशाचीच. मुलाला तिसरं मी सांगितलं नाही.

टाटांकावर तो अडला. डोक्यावर पिसांचा मुकुट, चेहऱ्यावर रंग. "हा तरी खरा आहे का?" म्हटलं, हो, ख्रिस चाव्हिस खरंच तिथल्या मूलनिवासी लोकांतला आहे. पण त्याची जमात लुंबी, नॉर्थ कॅरोलायनातली, आणि 'टाटांका' हा शब्द लकोटा लोकांचा. ते दोन हजार किलोमीटरहून लांबचे, त्यांची भाषा वेगळी.

"म्हणजे माणूस खरा, नाव दुसऱ्यांचं," तो म्हणाला. मग पत्ता उलटा केला आणि लिहिलं: ख्रिस चाव्हिस, लुंबी. शाई वाळेपर्यंत पत्ता हातात धरून बसला, आणि नंतर पुढचा उचलला.